तीच नक्षी पुन्हा शिवताना

चि. मुलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आणि गोधड्यांचे फोटो मिळाले. चौकोनाभोवती चौकोन, त्याभोवती आणखी चौकोन, याखेरीज दुसरं काही हातून होत नाही म्हणून तू खट्टू झाली आहेस. आणि आत्या, ऑफिसातली मैत्रीण, खालच्या मजल्यावरच्या काकू, सगळ्यांना नेमकी तीच गोधडी हवी आहे, कुणालाच नाही म्हणता येत नाही, असंही लिहिलं आहेस. यातली पहिली गोष्ट मला अडचण वाटत नाही. दुसरी खरी अडचण आहे. तिचा राग तू बिचाऱ्या नक्षीवर काढते आहेस.

आधी नक्षीचं बघू. जन्मभर गोधड्या शिवलेल्या ज्या बायका मी पाहिल्या, त्यांच्याकडे मांडण्या थोड्याच होत्या. कुणी पट्ट्या लावायची, कुणी त्रिकोण, कुणी तुझ्यासारखे चौकोन. वाळत घातलेली वाकळ लांबून बघून ती कुणाच्या हातची हे सांगता यायचं. नक्षी पाठ झाली की डोक्यावरचा भार उतरतो आणि मग हाताला कापड कळायला लागतं. पहिल्या गोधडीत पट्टी किती रुंद घ्यायची याच काळजीत तू असणार. आता ती काळजी उरलेली नाही म्हणून तुला कंटाळा आल्यासारखं वाटतं. खरं शिकणं इथूनच सुरू होतं ग.

तुझ्या फोटोंतच बघ. जांभळ्या गोधडीच्या मधोमध कापड फुगलं आहे. नवीन नक्षी घेतलीस तरी हा फुगा तुझ्यामागे येणार, कारण तो नक्षीतून आलेला नाही. तू कडेपासून फेऱ्या घेत मधे येतेस. प्रत्येक फेरीला वरचा थर केसभर पुढे सरकतो आणि सगळा सैलपणा मधे येऊन साठतो. त्यामुळे आधी थर फरशीवर अंथर, चारही कोपऱ्यांवर वजन ठेव, मधून कडेकडे हात फिरवून चुण्या काढ आणि तसाच मधून बाहेर कच्चा टाका घाल. वीत-वीतभर अंतरावर मोठे टाके चालतील. मग खुशाल कडेपासून धावदोरा घे. हे तुला याच नक्षीत शिकायला सोपं जाईल, कारण चौकोनाची बाजू जरा वाकडी झाली तरी लगेच दिसते.

कापडाची पारख हीसुद्धा अशीच पुन्हा पुन्हा करून येते. जुन्या सुती लुगड्याचा तुकडा दोन्ही हातांत धरून हलका ताण द्यायचा. चर्र आवाज आला तर त्याला वरचा मान नाही, तो आत भर म्हणून जाऊ दे. तिथे त्याचा मऊपणा कामी येतो. पट्ट्या कापताना ताण्याच्या सरळ रेषेत काप. तिरकी कापलेली पट्टी उरेब होते, ओढली की वाढते आणि धुतल्यावर तुझा चौकोन पतंगासारखा एका कोपऱ्याकडे ओढला जातो. मधला तुकडा कुठला घ्यायचा, गडद बाहेर ठेवायचं की आत, काठ उभा लावायचा की आडवा, हे एवढ्याशा मांडणीतही संपत नाही. खणाचा तुकडा मधे घेऊन भोवती फिक्या पट्ट्या लावून बघ. मग त्याच पट्ट्या उलट्या क्रमाने लाव. गोधडी पार बदलते.

अमेरिकेत अलाबामा नदीच्या एका वळणात जीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायका, गुलामीत राबलेल्या माणसांच्या लेकी-नाती, जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवत आल्या. त्यांच्यात पुन्हा पुन्हा येणारी मांडणी म्हणजे ‘हाउसटॉप’, तुझाच चौकोनात चौकोन. आई तोच शिवते, मुलगी तोच, शेजारीणही तोच. तरी एकीची दुसरीसारखी नाही. कुणाचा मधला चौकोन एका बाजूला सरकलेला, कुणाची एकच पट्टी अचानक लाल. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात या गोधड्या भिंतीवर लागल्या, २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर आल्या. तेच तेच केल्याने हात मरतो असं कुणी म्हणालं की मला या बायका आठवतात.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही मला त्यांच्याकडेच सापडतं. नागरी हक्कांच्या चळवळीच्या दिवसांत, १९६६ मध्ये, त्या भागात ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही बायकांची सहकारी संस्था उभी राहिली. मोठ्या शहरांतल्या दुकानांच्या मागण्या आल्या, आणि दुकानांना सगळं एका मापाचं, एकसारखं हवं होतं. १९७२ मध्ये सीअर्स या कंपनीसाठी कॉर्डुरॉयचे, म्हणजे उभ्या रेघांच्या जाड कापडाचे, उशांचे अभ्रे शिवायचं काम मिळालं. त्या कामाने बायकांच्या हातात स्वतःची कमाई आली, ती काही लहान गोष्ट नव्हे. पण अभ्रे अभ्र्यांसारखे शिवले गेले, आणि उरलेल्या कॉर्डुरॉयच्या पट्ट्या घरी नेऊन बायकांनी आपल्याला हव्या तशा गोधड्या केल्या. त्यातल्या काही आज संग्रहालयांत आहेत. मागणीचं काम आणि आपलं काम या दोन्हींना त्यांनी जागा दिली, एकाने दुसऱ्याला गिळू दिलं नाही. तुलाही एवढंच करायचं आहे. त्यासाठी नक्षी बदलायची गरज नाही, शब्द देण्याची पद्धत बदलायला हवी.

शब्द देण्याआधी एक हिशेब कागदावर मांडून ठेव. एका माणसाची गोधडी धर, दीड मीटर रुंद आणि २.३ मीटर लांब. ओळींत दीड सेंटिमीटर अंतर ठेवलंस तर साधारण २३० मीटर धावदोरा होतो. फेऱ्या घे नाहीतर सरळ ओळी, बेरीज तीच येते. सराईत हातही दोरा ओवत, गाठ मारत, कापड सरकवत तासाला चार-पाच मीटरच्या पुढे फारसा जात नाही. म्हणजे नुसत्या टाक्यांना पन्नास तासांच्या आसपास. पट्ट्या जोडणं, धुणं, कच्चा टाका वेगळाच. नोकरी सांभाळून रोज तासभर बसलीस तर दोन महिने. आता कुणी लाडाने म्हणालं, “टाके जरा जवळजवळ घाल हं,” आणि तू अंतर एक सेंटिमीटरवर आणलंस, की २३० चे ३४५ मीटर झाले. विचारणाऱ्याला हे ठाऊक नसतं. त्यांना ते सांगणं हे तुझं काम आहे, आणि त्यात संकोच वाटण्यासारखं काहीही नाही. आकडा ऐकल्यावर बहुतेक माणसं आपणहून अदबीने बोलतात, असा माझा अनुभव आहे.

“तू तर करतेच आहेस, त्यातच माझीही एक” असं म्हणणाऱ्या नातेवाइकांना मात्र आकडा सांगून भागत नाही. तिथे यादी कामाला येते. एका वेळी एकच गोधडी अंथरलेली असेल, बाकीचे रांगेत, हे सरळ सांग. “काकू, तुमचा नंबर होळीनंतर” असं म्हटलं की नाही म्हणावं लागत नाही आणि खोटंही बोलावं लागत नाही. त्या रांगेत दर दोन गोधड्यांनंतर एक स्वतःची लिही. तीही मागणीच समज, स्वतःकडून आलेली. ती कुणाच्या आग्रहासाठी पुढे ढकलायची नाही. पावसाळ्यात गडद रंगाचं, धुवायचं काम घेऊ नकोस. कपडे वाळत नाहीत, रंग एकमेकांत उतरतात, आतल्या थराला कुबट वास धरतो. आपल्याकडे गोधड्या उन्हाळ्यात शिवायच्या ते शेतातली कामं कमी म्हणून, आणि कडक ऊन असतं म्हणूनही.

बाळाच्या दुपट्याला मात्र रांग लावू नकोस. ते लहान असतं, चार संध्याकाळी पुरतात, आणि बाळ थांबत नाही. जुनं, खूप वेळा धुतलेलं सुती कापडच घे, जरीचा तारही नको, गाठी थरांच्या आत दडव. त्याचे पैसे घ्यायचे की नाही ते तुझं तू ठरव. मी घेत नाही.

“अगदी तिच्यासारखीच हवी” या मागणीला काय उत्तर द्यायचं ते तू विचारलं आहेस. जुन्या कापडाची गोधडी दुसऱ्यांदा तशीच होऊ शकत नाही, कारण ती साडी संपली. हे आधीच सांग. मांडणी तीच मिळेल, कापड त्यांच्या घरचं असेल, मधला चौकोन त्यांनी निवडावा. एवढं त्यांच्या हातात दे. पट्ट्यांचा क्रम आणि टाके तुझ्या हातात ठेव. लोक दहा फोटो पाठवतात, हा रंग इथे, तो तिथे म्हणतात. सगळं ऐकलंस तर ती गोधडी त्यांचीही होत नाही आणि तुझीही. उत्तर कन्नडातल्या सिद्दी बायका, पोर्तुगिजांनी गोव्यात आणलेल्या आफ्रिकी माणसांच्या वंशातल्या, ‘कवंदी’ नावाची गोधडी शिवतात. चारही कोपऱ्यांना त्या कापडाच्या घडीची फुलं लावतात. फुलांशिवाय कवंदी त्यांना पुरी झाली असं वाटत नाही. बाकी तुकडे हाताला लागतील तसे येतात. प्रत्येक शिवणारीकडे असं काहीतरी असावं जे मागणारा कुणीही असला तरी सुटणार नाही. तुझ्या फोटोंत मला ते दिसलं. शेवटची फेरी तू नेहमी पांढऱ्या दोऱ्याने घेतेस, खालचं कापड कुठलंही असो. ती सोडू नकोस. कुणी “पांढरा मळेल” म्हणालं तरी.

मशीनवर शिवून लवकर दे म्हणणारेही भेटतील. मशीनच्या गोधडीला मी नावं ठेवत नाही, थंडीत ऊब तीही देते. पण ती पाहिजे असेल तर मशीनवाल्याकडे पाठव. हातशिलाईच्या भावात आणि नावावर मशीनची देऊ नकोस, आणि मशीनच्या भावात हाताची तर मुळीच देऊ नकोस. आपल्यानंतर हे काम करणाऱ्या पोरींचा भाव त्याने पडतो, म्हणून मी याबाबत इतकी कडक आहे.

एका दुकानदाराने महिन्याभरात वीस एकसारख्या गोधड्या मागितल्या आहेत, असंही तू लिहिलं आहेस. वरचा हिशेब वीसने गुणलास की उत्तर मिळेल. एकटीने घेऊ नकोस. खरंच करायचं मनात असेल तर आधी एक नमुना दे, त्याचे पूर्ण पैसे घे, आणि गावाकडच्या आणखी कोण बायका बसतील ते बघ. प्रत्येकीला टाक्याचा भाव तू स्वतःला लावतेस तोच मिळाला पाहिजे. हे जमत नसेल तर वीसऐवजी चार उशांचे अभ्रे देते म्हण. तीच नक्षी अभ्र्यावर छान बसते, एक बिघडला तरी मोठं नुकसान नाही, आणि दुकानदार वेळेवर पैसे देतो का तेही कळतं.

आता राहिल्या आत्याने तिच्या गोधडीसाठी दिलेल्या साड्या. तिच्या आईच्या, गेल्या वर्षी वारलेल्या आजीच्या. हे काम तू घे, आणि रांगेत सगळ्यांत वर लाव. पाच-साडेपाच मीटरची एक साडी मधोमध कापून जोडली की एका मोठ्या गोधडीचा एक थर होतो. म्हणजे वर एक, खाली एक, मधे दोन-तीन, एवढ्यात गोधडी भरते. सात साड्या आल्या आहेत, सगळ्या घालण्याचा हट्ट धरू नकोस, सुई शिरणार नाही आणि धुताना ती दोघींना उचलणार नाही. सुती आणि जॉर्जेट एका पट्टीत जोडू नकोस. एक आटतं, दुसरं आटत नाही, शिवण गोळा होते. जॉर्जेट वापरायचंच असेल तर मागे सुती अस्तर लावून मगच पट्टी काढ. जरीकाठ अंगाला टोचतो आणि त्यावरून जाणारा दोरा झिजतो, तो वरच्या फेरीत, अंगाला लागणार नाही अशा कडेला घे. प्रत्येक साडीचं टोक ओलं करून पांढऱ्या फडक्यावर चोळून बघ. रंग उतरला तर ती आधी वेगळी, पाणी स्वच्छ होईपर्यंत धू. मिठाच्या पाण्यावर विसंबू नकोस.

आणि कात्री लावण्याआधी आत्याला घरी बोलाव. एकेक साडी उलगडून तिच्यासमोर ठेव, ही कधीची, ही कुणी घेतली होती, ते तिला बोलू दे. एखादी साडी ती परत मागेल. लगेच दे. एखाद्या साडीला डाग असेल आणि तू तो तुकडा टाकायला निघशील, पण तिला नेमका तोच हवा असेल. बायका दुःख असं कापडातून सांगतात, आणि त्या वेळी तिथे शिवणारी हजर असावी लागते. या गोधडीत मधला चौकोन, क्रम, सगळं तिचं ऐक. तुझं म्हणून पांढऱ्या दोऱ्याची शेवटची फेरी तेवढी ठेव. उरलेल्या चिंध्याही बोहारणीला देऊ नकोस, पिशवीत घालून आत्याला परत कर.

सुया इथून पाठवते आहे, लांब आणि बारीक आहेत, तुझ्या त्या जाड सुईने जुन्या कापडाला भोकं पडत आहेत. अंगुस्तान घालायची सवय कर, बोटाकडे बघवत नाही फोटोत.

तुझी,
मावशी