चषक कपाटात, घोडी खराऱ्यात

प्रश्न : माझी घोडी काजळ दोन महिन्यांपूर्वी गेली. चोवीस वर्षांची होती. आतड्याला पीळ पडला. या वयात शस्त्रक्रिया झेपणार नाही असं डॉक्टर म्हणाले आणि मी शेवटच्या सुईला होकार दिला. अकरा वर्षं ती ड्रेसाजच्या, म्हणजे स्वाराच्या इशाऱ्यावर घोड्यानं ठरलेल्या हालचाली करून दाखवायच्या स्पर्धेच्या, रिंगणात उतरली. जन्मली तेव्हा काळीभोर, आठव्या वर्षापर्यंत पांढरीशुभ्र. त्यामुळे निवेदकानं नाव पुकारलं की लोक हसायचे. तिच्या फिती, चषक, फोटो बाहेरच्या खोलीत मांडलेत. त्यांच्याकडे पाहून काहीच वाटत नाही. पण परवा तबेल्यात तिच्या खराऱ्यात अडकलेले केस दिसले आणि तिथंच खाली बसून रडले. हे विचित्र नाही का? शेपटीचे केस कापून ठेवलेत, मुलीला त्यांचं कडं विणायचंय; पण ती पिशवी उघडायचा धीर होत नाही. शेजारच्या थानावरचा घोडा अजून संध्याकाळी तिच्या जागेकडे तोंड करून खिंकाळतो.
– एक वाचक

उत्तर : ताई, बाकीचं नंतर, आधी पिशवी उघडा. आजच. धीर यायची वाट बघत बसलात तर केस जातील. माझ्या पहिल्या घोड्याचे केस मी असेच घाईघाईत, दमट असतानाच प्लास्टिकच्या पिशवीत कोंबले होते. वर्षानं उघडली तर आत बुरशी. चूक माझीच, आणि अजून टोचते. कापलेल्या टोकाला दोऱ्यानं घट्ट आवळा, नाहीतर धुताना झुपका सुटतो. कोमट पाणी, अगदी थोडा सौम्य शाम्पू, मग सावलीत दोन दिवस. कोरडे झाले की सुती कापडात गुंडाळा. पांढऱ्या शेपटीला पिवळट झाक राहतेच, ती राहू द्या. ब्लीच लावलंत तर केस ठिसूळ होतील आणि मुलीच्या हातात विणतानाच तुटतील.

आता विचित्रपणाचं. फीत देतो पंच. त्यानं काजळला पाहिलं ते साठ बाय वीस मीटरच्या रिंगणात, पाच-सात मिनिटं, एकेका हालचालीला शून्य ते दहा गुण मांडत. तुमचा हात तिच्या अंगावर फिरला तो रोज. मग रडू चषक पाहून का यावं? ते हसणारे लोक घ्या. अशा घोड्यांचे केस पांढरे होतात, खालची कातडी काळीच राहते. अंगावर पाणी ओतलं, केस चिकटले, की मानेवर, डोळ्यांभोवती आतला काळा रंग वर येतो. बादली घेऊन उभं राहणाऱ्यालाच तो दिसतो. तिचं नाव शेवटपर्यंत बरोबर होतं, आणि हे तुम्हाला माहीत होतं.

उंच उडीचा जागतिक विक्रम अजून हुआसो या घोड्याच्या नावावर आहे : चिलीतलं विन्या देल मार, ५ फेब्रुवारी १९४९, २.४७ मीटर, पाठीवर कॅप्टन लारागिबेल. घोड्यांच्या माणसांना हा आकडा झोपेतही सांगता येतो. पण अंगावर थंड पाणी पडलं की तो कुठला कान मागे टाकायचा? ते त्याच्या मोतद्दाराला ठाऊक असणार, आणि मोतद्दारांच्या आठवणी कोणी छापत नाही.

म्हणून एक वही घ्या आणि त्यात एकही स्पर्धा लिहू नका. उभ्या उभ्या पेंगताना ती मागचा कोणता पाय ढिला सोडायची? खोगिराचा पट्टा आवळताना पोट फुगवून धरायची का? (माझा घोडा धरायचा, लबाड.) लगाम तोंडात घेताना दात मिटून ठेवायची की स्वतःच तोंड पुढे करायची? हे आज आठवतंय. फोटोंतून सापडणार नाही, कारण फोटोत ती नेहमी नटलेली, आयाळीच्या गाठी घातलेली.

सुईबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण ते वाक्य तुम्ही घाईनं उरकलंत हे दिसतं. घोड्याला ओकारी काढता येत नाही. आतडं पिळलं की पुढे काही सरकत नाही, पोट तटतटत जातं, पिळलेल्या भागाचं रक्त तुटतं. तुम्ही थांबला असतात तर तिच्या वेदनेचे तास वाढले असते, एवढंच.

शेजारच्या घोड्याला शेवटी तिच्याजवळ जाऊन हुंगू दिलं होतं का? अनेकदा त्यानं ते लवकर निवतात. नसेल दिलं तर आता त्याची जागा बदलू नका, दाणा-वैरणीच्या वेळा मोडू नका आणि शक्य असेल तर सोबतीला कोणी आणा. घोडा एकटा राहणारा प्राणी नाही.

खरारा मात्र इतक्यात धुऊ नका. तोच त्याच्या अंगावर फिरवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. मी फिरवला होता. पहिल्यांदा त्यानं नाक लावून बराच वेळ वास घेतला, मग मान खाली टाकली आणि उभा राहिला.