मोतीबिंदू काढायचा, पण भिंग बसवायचे नाही?

वाचकांचे प्रश्न : बालनेत्रतज्ज्ञांची उत्तरे

प्रश्न : आमच्या नातीच्या डाव्या डोळ्यात जन्मतःच दाट मोतीबिंदू आहे. ती पाच आठवड्यांची आहे. डॉक्टर लगेच शस्त्रक्रिया करू म्हणतात, तर घरातल्या मंडळींचे म्हणणे असे की, एवढ्याशा जिवाला भूल देण्यापेक्षा चवथ झाल्यावर पाहू. शिवाय डॉक्टर मोतीबिंदू काढणार, पण भिंग बसवणार नाहीत. माझ्या शस्त्रक्रियेत तर ते त्याच वेळी बसवले होते. मग बाळालाच का नाही?
— एक आजी, डिचोली

उत्तर : हे पत्र अंक निघेपर्यंत ठेवून देण्यासारखे नव्हते, म्हणून उत्तर आपल्याला आधीच कळवले आहे, येथे ते इतर वाचकांसाठी देत आहे. चवथीपर्यंत मुळीच थांबू नये. पाहायला शिकतो तो मेंदू, आणि त्याचे हे शिक्षण जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यांतच सुरू होते. एका डोळ्याकडून स्पष्ट प्रतिमा येतच नसेल, तर मेंदू त्या डोळ्याची दखल घेणे सोडून देतो, आणि मग पुढे मोतीबिंदू कितीही सफाईने काढला तरी त्या डोळ्याला चांगली नजर येत नाही. म्हणून एकाच डोळ्यात दाट मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रिया साधारण सहाव्या आठवड्याच्या सुमारास करतात. पहिल्या चार आठवड्यांत ती केल्यास पुढे काचबिंदू होण्याचा धोका वाढतो, त्यामुळे आपल्या डॉक्टरांनी सांगितलेली वेळ अगदी योग्य आहे.

आता भिंगाविषयी. नवजात बाळाच्या डोळ्याची लांबी जेमतेम 17 मिलिमीटर असते, मोठ्या माणसाची 23 ते 24, आणि यातली बहुतेक वाढ पहिल्या दोन वर्षांत होते. आपला डोळा वाढायचा कधीच थांबला होता, म्हणून आपल्या भिंगाचा नंबर मोजमाप घेऊन नेमका ठरवता आला. नातीच्या डोळ्याला आज चपखल बसेल ते भिंग दोन वर्षांत फार जास्त नंबरचे ठरेल. अमेरिकेत एकाच डोळ्यात मोतीबिंदू असलेल्या, एक ते सहा महिने वयाच्या 114 बाळांवर याच प्रश्नासाठी अभ्यास झाला. काहींना भिंग बसवले, काहींना कॉन्टॅक्ट लेन्स दिली. मुले साडेचार वर्षांची झाली तेव्हा दोन्ही गटांच्या नजरेत म्हणण्यासारखा फरक नव्हता, मात्र भिंग बसवलेल्या मुलांच्या डोळ्यावर पुन्हा शस्त्रक्रिया करण्याची वेळ कितीतरी अधिक वेळा आली होती. डॉक्टर भिंग टाळत नसून पुढे ढकलत आहेत. डोळ्याची वाढ बरीचशी झाल्यावर ते दुसऱ्या शस्त्रक्रियेत बसवता येते.

तोपर्यंत बाळाला कॉन्टॅक्ट लेन्स लावावी लागते. ते काम घरच्यांचे आहे, आणि माझ्या मते शस्त्रक्रियेपेक्षा तेच अवघड आहे. बाळ दूध पिऊन पेंगुळले की त्याला दुपट्यात हातांसकट गुंडाळावे, वरची पापणी उचलून लेन्स तिच्याखाली सरकवावी आणि मग खालची पापणी ओढून घ्यावी. सुरुवातीला दोन माणसे लागतात. पुढे एकट्या आईला जमते. लेन्सचा नंबर मुद्दाम जवळचे दिसेल असा देतात, कारण तान्ह्या बाळाचे सारे जग हाताच्या अंतरावर असते. मेंदूने अधू डोळ्याचीही दखल घ्यावी म्हणून चांगल्या डोळ्यावर पट्टी लावावी लागते. वरील अभ्यासात बाळाच्या वयाचे जितके महिने तितके तास रोज, असे प्रमाण पहिल्या आठ महिन्यांपर्यंत ठेवले होते. आपले प्रमाण डॉक्टर ठरवतील. आपल्याकडच्या दमट हवेत घामाने पट्टी सुटते, म्हणून कपाळ आणि गाल कोरडे पुसून मगच ती चिकटवावी. खर्चाची चिंता असल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची चौकशी करावी. जन्मजात मोतीबिंदूचा त्यात समावेश आहे.

प्रश्न : माझा सहा वर्षांचा मुलगा स्वमग्न आहे. त्याच्या उजव्या डोळ्याचा नंबर उणे 13, तर डाव्याचा उणे 1 आहे. चष्मा तो क्षणभरही ठेवत नाही; दोन मोडले. मोठ्या माणसांचा नंबर घालवण्यासाठी डोळ्यात लेन्स बसवतात, तशी त्याला बसवता येईल का?
— एक वडील, फोंडा

उत्तर : येईल, परंतु हा पहिला उपाय नव्हे. या शस्त्रक्रियेत नैसर्गिक भिंग जागच्या जागी राहते आणि त्याच्या पुढे, बुब्बुळाच्या मागे किंवा बुब्बुळालाच अडकवून, पातळ लेन्स बसवली जाते. नैसर्गिक भिंग शाबूत असल्याने जवळचे पाहण्याची क्षमता टिकते आणि लेन्स पुढे काढताही येते. अमेरिकेत सेंट लुईस येथील बालनेत्रतज्ज्ञांनी आपल्या मुलासारख्या, चष्मा किंवा कॉन्टॅक्ट लेन्स मुळीच न स्वीकारणाऱ्या मुलांवर ती केली आहे आणि अनेकांची नजर सुधारली आहे. मात्र या लेन्स मुळात प्रौढांसाठी बनवलेल्या असल्याने डॉक्टरांना तो निर्णय स्वतःच्या जबाबदारीवर घ्यावा लागतो.

लेन्सला पुरेशी जागा आहे का आणि पारपटलाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या, आतल्या थरातील पेशी पुरेशा आहेत का, हे आधी मोजावे लागते. त्या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. मुलगा डोळे चोळत असेल, तर हा मुद्दा सर्वांत गंभीर आहे. मोतीबिंदू किंवा डोळ्यातला दाब वाढण्याची शक्यताही असते, म्हणून वर्षानुवर्षे तपासण्या चालू ठेवाव्या लागतात, आणि त्यांतल्या काही आपल्या मुलाला भूल देऊनच होतील. इतक्या नंबरामुळे दृष्टिपटल, म्हणजे डोळ्याच्या मागचा पडदा, सुटण्याचा धोका लेन्स बसवूनही कायम राहतो. पट्टीही टळत नाही. सहाव्या वर्षी सुस्त डोळा, म्हणजे मेंदूने दखल घेणे सोडलेला डोळा, सुधारण्यास अजून वाव आहे, परंतु दिरंगाई करू नये. आधी मागे इलॅस्टिकचा पट्टा असलेली मऊ चौकट वापरून पाहा आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या मदतीने चष्म्याची वेळ मिनिटामिनिटाने वाढवा. दोन-तीन महिन्यांत ते जमले नाही, तर बालनेत्रतज्ज्ञांपाशी लेन्सचा विषय काढा.

प्रश्न : मुलांना बसवलेले भिंग किती वर्षांनी बदलावे लागते?
— काणकोण

उत्तर : जुने झाले म्हणून बदलावे लागत नाही. लंडनमध्ये हॅरोल्ड रिडली यांनी 1949 मध्ये पहिले भिंग बसवले ते अॅक्रिलिकचे होते, आणि आजही अॅक्रिलिकच वापरले जाते. डोळा वाढून नंबर फारच बदलला, तर क्वचित ते बदलतात. एरवी चष्म्याने भागते. हे भिंग जवळ-दूर स्वतःहून जुळवून घेत नाही, त्यामुळे शाळेत जाणाऱ्या मुलाला वाचनासाठी खाली वेगळा नंबर असलेला बायफोकल चष्मा लागतो. तो पाहून शिक्षक बिचकतात. त्यांना आधीच सांगून ठेवावे.