20 तासांचा हिशेब

नमस्कार ताई,

तुमची मुलगी बारावी सायन्सला, राष्ट्रीय स्पर्धांत खेळलेली टेनिसपटू. अमेरिकेतल्या एका डिव्हिजन वन, म्हणजे कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या गटातल्या, विद्यापीठाने शिष्यवृत्ती देऊ केली आहे आणि तिथले कोच व्हिडिओ कॉलवर म्हणाले, "सराव आठवड्याला 20 तासच, तसा नियमच आहे." मग कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला भरपूर वेळ मिळेल ना, असं तुम्ही विचारलंय.

कोच खोटं बोलले नाहीत. अमेरिकेतले कॉलेज खेळ चालवणाऱ्या एनसीएए या संस्थेचा हा नियम 1991 पासून आहे: हंगामात दिवसाला 4 तास, आठवड्याला 20, एक दिवस सुट्टी. गंमत आहे ती मोजण्यात. सामन्याचा दिवस कितीही लांबला तरी 3 तासच धरतात. प्रवास धरत नाहीत, फिजिओकडचा वेळ धरत नाहीत. 'ऐच्छिक' सरावही नाही. पण संघातल्या सगळ्या मुली त्याला जात असताना आपली एकटी खोलीवर बसेल का? एनसीएएच्याच पाहण्यांत डिव्हिजन वनचे खेळाडू आठवड्याचे 30 तासांहून जास्त खेळात जातात असं सांगत आलेत.

तिथे कॉलेजच्या खेळाला हौशी म्हणत आलेत. हौशी म्हटलं की आपल्याला राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी आठवतात. ऑफिस सुटल्यावर, जमेल तसं. अमेरिकेतल्या कॉलेज खेळाचं हौशीपण पैशापुरतं होतं, वेळेपुरतं कधीच नव्हतं. 2014 मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या फुटबॉल खेळाडूंना कामगार संघटना करायची होती, तेव्हा त्यांचे हंगामात आठवड्याला 40 ते 50 तास जातात, अशी नोंद सरकारी अधिकाऱ्याने केली होती. (तो अमेरिकन फुटबॉल, टेनिसला इतकं नसावं.) 2021 पासून खेळाडूंना जाहिरातींतून कमावता येतं, 2025 पासून विद्यापीठंही थेट पैसे देऊ शकतात. पण एफ-1 या विद्यार्थी व्हिसावरच्या मुलांना कमाईची बंधनं आहेत, तेव्हा तो पैसा हिशेबात धरू नका.

मला धास्ती आहे ती प्रॅक्टिकल्सची. ती बहुधा दुपारी असतात, आणि सरावही. टेनिसचा मुख्य हंगाम जानेवारी ते मे. बाहेरगावचे सामने असले की तास बुडणार. त्यात आणखी एक नियम: दुसरं वर्ष संपेपर्यंत पदवीचा 40 टक्के भाग पूर्ण हवा, तिसऱ्यापर्यंत 60, नाहीतर खेळता येत नाही. म्हणून 'आधी सोपा विषय घेऊ, नंतर इंजिनिअरिंगला वळू' हा बेत तिथे अवघड जातो. सगळे आपला टेनिसपटू सोमदेव देववर्मनचं उदाहरण देतात. व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळताना त्याने 2007 आणि 2008 ला एनसीएएचं एकेरीचं विजेतेपद मिळवलं. त्याचा विषय समाजशास्त्र होता, हे मात्र कुणी सांगत नाही.

तरीही नकार द्या असं मी म्हणणार नाही. कोचकडून गेल्या वर्षीचं वेळापत्रक मागून घ्या, प्रवासाच्या तारखांसकट. संघात सध्या इंजिनिअरिंगची कुणी मुलगी आहे का, विचारा. असेल तर तिच्याशी तुमच्या मुलीला एकटीला बोलू द्या, कोच कॉलवर नसताना. उन्हाळ्यात इंटर्नशिपला मोकळीक मिळते का, हेही तिलाच विचारायला सांगा. पुढच्या नोकरीची वाट बहुतेकदा तिथूनच जाते. संघात इंजिनिअरिंगची एकही मुलगी नसेल, तर सही करण्याआधी मला फोन करा.