'वेदना', 'दुखणे' आणि दहापैकी किती

खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णांकडून भरून घ्यायचे प्रश्नपत्रक मराठीत आणणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की 'पेन स्कोअर'साठी 'वेदना-गुणांक' हा शब्द योग्य होईल का, आणि प्रत्यक्ष प्रश्नात 'वेदना' लिहावे, 'दुखणे' लिहावे की 'कळ'.

'गुणांक' घेऊ नये, असे माझे मत आहे. गणितात आणि पदार्थविज्ञानात गुणांक म्हणजे ज्याने गुणायचे तो अंक, आणि वेदनेच्या आकड्याने आपल्याला कशालाही गुणायचे नाही. नुसता 'गुण' लिहिला तर घोटाळा आणखी वाढतो. परीक्षेत जास्त गुण म्हणजे चांगले, आणि औषधोपचाराच्या संदर्भात 'गुण आला' म्हणजे बरे वाटू लागले. मग दुखऱ्या खांद्याला 'आठ गुण' देणारा रुग्ण नेमके काय सांगत असतो? ही अडचण कागदावरची नाही, कारण खांद्याची मोजमापे मुळातच दोन दिशांनी चालतात. 0 ते 10 या नेहमीच्या पट्टीवर 10 म्हणजे सर्वांत वाईट. परंतु 1987 साली प्रसिद्ध झालेल्या कॉन्स्टंट-मर्ली मापनात 100 पैकी 15 गुण वेदनेसाठी राखलेले आहेत आणि अजिबात न दुखणाऱ्यालाच ते पूर्ण मिळतात. ऑक्सफर्ड शोल्डर स्कोअरचे 12 प्रश्न 1996 मध्ये आले तेव्हा 12 ही बेरीज उत्तम आणि 60 ही सर्वांत वाईट मानत. पुढे तीच मोजणी 0 ते 48 अशी उलटवली गेली आणि 48 उत्तम ठरले. जिथे चढता आकडा सुधारणा दाखवतो तिथे 'गुण' चपखल बसतो. जिथे चढता आकडा त्रास दाखवतो तिथे शीर्षकात 'वेदनांक' लिहावे आणि प्रश्नात सरळ 'आकडा' म्हणावे. 'वेदना' अधिक 'अंक' असा हा संधी निर्दोष आहे आणि शब्द वाचताक्षणी कळतो.

आता 'वेदना'. हा शब्द 'विद्' म्हणजे जाणणे या धातूपासून आला आहे. पालीतल्या बौद्ध विवेचनात वेदना सुखाची असते, दुःखाची असते आणि यांपैकी कोणतीच नसलेलीही असते. म्हणजे तिथे तिचा अर्थ 'जाणीव' एवढाच आहे. मराठीने त्यातली फक्त दुःखाची बाजू ठेवली. तरीही धातूचा मूळ अर्थ खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर अचानक कामाचा ठरतो. या शस्त्रक्रियेत बहुधा मानेजवळ इंजेक्शन देऊन हाताकडे जाणाऱ्या नसा बधिर करतात, आणि तो परिणाम काही तासांनी ओसरतो. त्या अवधीत विचारले तर रुग्ण 'शून्य' म्हणतो आणि रात्री बधिरपणा उतरला की तोच आकडा एकदम वर जातो. आधीचा शून्य हा बरे वाटण्याचा शून्य नव्हता, जाणीवच नसल्याचा होता. म्हणून पत्रकात 'दुखत नाही' आणि 'हात बधिर आहे, काही कळत नाही' ही दोन वेगळी उत्तरे असावीत, असा माझा आग्रह आहे.

व्याकरणाचीही एक खोच आहे. 'वेदना' हा शब्द अनेकवचनात तसाच राहतो आणि बोलण्यात तो बहुधा अनेकवचनीच येतो: 'वेदना होतात'. परंतु 'तुमच्या वेदना किती?' असे छापले की प्रश्न संख्येचा वाटतो आणि 'तुमची वेदना किती?' असे लिहिले की तो परका वाटतो. दुखऱ्या माणसाला आपण असे विचारतच नाही. आपण विचारतो, 'किती दुखतंय?' मराठीत 'खांदा दुखतो' या वाक्याचा कर्ता खांदा असतो आणि माणूस केवळ भोगणारा असतो, त्यामुळे प्रश्नाचा भार क्रियापदावर ठेवला की तो आपोआप आपल्या भाषेचा होतो. नाम म्हणून 'दुखणे' मात्र टाळावे, कारण त्याचा अर्थ आजार असाही होतो. 'मोठ्या दुखण्यातून उठला' म्हणताना आपल्याला वेदना अभिप्रेत नसते. शीर्षकात 'वेदना' आणि प्रश्नात 'दुखते' हे क्रियापद, ही विभागणी मला सर्वांत सुरक्षित वाटते.

'कळ' हा शब्द चांगला आहे; पण तो वेदनेचा एक प्रकार सांगतो, वेदनेला पर्याय म्हणून चालत नाही. कळ येते आणि जाते. ठणका नाडीबरोबर लागतो आणि रात्रभर टिकू शकतो. सणक किंवा चमक क्षणात निघते, बहुधा हालचाल करताना. जखमेला कापड लागले तरी ती हुळहुळते, टाके चुरचुरतात, आणि हात दिवसभर झोळीत अडकवून ठेवला की मानेला व खांद्याला रग लागते. ही रग शस्त्रक्रियेच्या वेदनेहून निराळी असते, हे सांगायला मराठीत दुसरा शब्दही शोधावा लागत नाही. रोनाल्ड मेलझॅक यांनी 1975 मध्ये मॅकगिल विद्यापीठाच्या नावाने प्रसिद्ध केलेल्या प्रश्नावलीत वेदनेची इंग्रजी विशेषणे 20 गटांत मांडली आहेत. ती एकूण 78 शब्द भरतात. अशा यादीचे शब्दाला शब्द भाषांतर करणे मला व्यर्थ वाटते, कारण आपल्याकडे वेदनेचा प्रकार बहुधा विशेषणात नसतो, क्रियापदात असतो: ठणकते, ठसठसते, सलते, बोचते, झोंबते, जळजळते. मराठी यादी करायची तर ती क्रियापदांचीच व्हायला हवी.

माझ्या मोठ्या बहिणीच्या खांद्याच्या कंडरांची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर तिसऱ्या दिवशी परिचारिकेने तिला 'दहापैकी किती?' असे विचारले. बहीण बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, 'कूस बदलवत नाही.' परिचारिकेने पुन्हा आकडा विचारला. बहिणीने 'सहा' सांगितले, पण ते सांगताना तिचा चेहरा असा होता की जणू कोणीतरी तिच्या वतीने उत्तर दिले आहे. मला ते उत्तर आजही अपुरे वाटते. 'कूस बदलवत नाही' हे मात्र पुरेपूर होते. मराठी व्याकरणात ज्याला शक्य क्रियापद म्हणतात ते हेच: उचलवत नाही, झोपवत नाही, सोसवत नाही. कर्त्याची इच्छा आहे, पण शरीर साथ देत नाही, एवढा सगळा अर्थ एका रूपात मावतो. 'ती मुलाला झोपवत नाही' हे प्रयोजक आणि 'तिला झोपवत नाही' हे शक्य. रूप तेच, पण कर्त्याची विभक्ती अर्थ पालटते. ऑक्सफर्डच्या प्रश्नांत कपडे घालता येतात का, केस विंचरता येतात का, रात्री अंथरुणात दुखते का, असेच विचारलेले आहे. त्यांच्या मराठी रूपात 'केस विंचरण्यात अडचण आली का?' असे लिहिण्यापेक्षा 'त्या हाताने केस विंचरवतात का?' हे अधिक नेमके आहे.

राहिली पट्टीची टोके. इंग्रजी पत्रकात 10 समोर 'कल्पना करता येईल अशी सर्वांत वाईट वेदना' अशा अर्थाचे शब्द असतात. ते तसेच मराठीत उतरवले की वाचणारा कल्पना करत बसतो. अनेक जण तिथे 'असह्य' लिहितात. तेही बरोबर नाही. असह्य हा सोसण्याचा निकष आहे, तीव्रतेचा नव्हे, आणि एखाद्याला पाच-सहालाच असह्य होऊ शकते. माझी सूचना 'याहून जास्त दुखूच शकत नाही' अशी आहे. दहा सेंटिमीटरच्या रेघेवर खूण करायला लावणाऱ्या पद्धतीला 'मोजपट्टी' हा शब्द शोभतो, कारण तिथे खरोखरच डाव्या टोकापासूनचे मिलिमीटर मोजतात. सहा चेहऱ्यांची चित्रे असलेल्या पत्रकाला मात्र 'श्रेणी' म्हणावे.

फेरतपासणीच्या वेळी वडीलधारी माणसे 'आठ आणे फरक आहे', 'बारा आणे बरे आहे' असे सांगतात, याचीही नोंद घ्यावी. ही सोळा भागांची पट्टी आहे, पण ती वेदना मोजत नाही, उतार मोजते. अशा रुग्णाने बारा आणे सांगितले म्हणून कोणी वेदनांक साडेसात लिहिला तर तो नेमका उलट होईल. त्याला आत्ताच्या दुखण्याचा आकडा वेगळा विचारावा.

यानुसार पत्रकातला पहिला प्रश्न मी असा लिहीन: 'आत्ता, हात न हलवता, खांदा किती दुखतो? अजिबात दुखत नसेल तर 0 आणि याहून जास्त दुखूच शकत नाही असे वाटत असेल तर 10, यांमधला आकडा लिहा. हात बधिर असेल तर आकडा न लिहिता तसे नोंदवा.' त्याखाली हेच दोनदा विचारावे, एकदा हात हलवताना आणि एकदा रात्री कूस बदलताना.