सत्तरीतले आई-वडील आणि दोन मुलं यांना एका दिवसात मुंबई कशी दाखवावी?

तुमची यादी वाचली. सकाळी सातला सीएसएमटीला उतरणार, रात्री तिथूनच परतीची गाडी, आणि मधल्या वेळात एलिफंटा (म्हणजे घारापुरी बेटावरची लेणी), राणीची बाग (भायखळ्याचं प्राणिसंग्रहालय), सिद्धिविनायक, हाजी अली, मरीन ड्राइव्ह, जुहू. हे बसत नाही. ओढूनताणून बसवलंत तर आई-वडिलांच्या वाट्याला फक्त ट्रॅफिक येईल. "तुम्ही गाडीतच थांबा, आम्ही पटकन बघून येतो" असं अशा सहलीत प्रत्येक थांब्यावर कोणीतरी म्हणतंच, आणि या वाक्याची मला मनापासून चीड आहे. म्हातारी माणसं गावाहून येतात ती पार्किंगमध्ये बसायला नाही.

म्हणून दिवस शहराच्या दक्षिण टोकातच ठेवा आणि वेग आईच्या गुडघ्यांवरून ठरवा.

सामान सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये ठेवा. प्रत्येक बॅगेला कुलूप हवं, नाहीतर घेत नाहीत, आणि गाडीचं तिकीट दाखवावं लागतं. तोंड धुणं, कपडे बदलणं तिथल्याच प्रतीक्षालयात उरका. बाहेर आलात की रस्ता ओलांडून समोरून इमारत बघा, खाली उभं राहून ती दिसतच नाही. मुलांना घुमटावरचा मशालवाला पुतळा आणि फाटकाच्या खांबांवरचे सिंह-वाघ शोधायला लावा. मग टॅक्सी. काळी-पिवळीत चारच माणसं बसतात आणि तुम्ही चाराहून जास्त, म्हणजे तुम्हाला दोन लागतील. किमान भाडं ३१ रुपये, अंतरही थोडंच. रिक्षा शोधू नका, त्या या भागात चालत नाहीत.

आता एलिफंटा. ती करायची तर दुसरं मोठं काही करायचं नाही. गेटवे ऑफ इंडियाहून लाँच साधारण तासभर घेते, येतानाही तेवढाच वेळ. म्हणजे चढ-उतर, लेणी आणि विश्रांती धरून पाच तास गेले. नऊच्या सुमारास लाँचमध्ये बसलात तर दोनपर्यंत परत याल. अकराला गेलात तर पायऱ्या भर उन्हात चढाल आणि संध्याकाळही जाईल. गेटवेच्या पायऱ्या ओल्या आणि शेवाळलेल्या असतात, कधी एका लाँचमधून दुसरीत पाऊल टाकावं लागतं. तिथे वडिलांच्या पुढे एक आणि मागे एक माणूस हवा, आणि पायात चप्पल नको, मागून पट्टा असलेली सँडल हवी. लाइफ जॅकेट मागून घ्या आणि मुलांच्या अंगात घालूनच ठेवा. बेटावरच्या धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी गाडी आहे, तिचं तिकीट काढा, ताकद पायऱ्यांसाठी राखा. पायऱ्या सव्वाशेच्या आसपास आहेत. डोली मिळते, पण जाऊन-येऊन किती ते बसण्याआधी ठरवा. खाऊची पिशवी हातात दिसली की माकडं ती ओढतातच, पाण्याची बाटलीसुद्धा सोडत नाहीत.

वर गेल्यावर फक्त पहिलं लेणं बघा. बाकीची अपुरी किंवा पडझड झालेली आहेत, तिकडे वळून आईचे पाय दुखवू नका. आत डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबा, मग सदाशिवाच्या, म्हणजे तीन मुखांच्या भव्य शिवमूर्तीच्या, समोर जा. तीनही मुखं, मधलं शांत, एका बाजूचं उग्र, दुसऱ्या बाजूचं कोमल, सावकाश दिसू लागतात. पाच मिनिटांत सेल्फी काढून उतरणाऱ्यांनी खरं तर जाऊच नये. तिकीट भारतीयांना ४० रुपये, पंधरा वर्षांखालच्यांना लागत नाही. ग्रामपंचायतीचा कर वेगळा, त्यासाठी सुटे ठेवा.

गुडघे अगदीच दुखत असतील तर हे सगळं सोडा. गेटवेहून बंदरात छोटी फेरी मारा आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात दुपार घालवा. सव्वादहाला उघडतं, मुलांसाठी वेगळा विभाग आहे, बसायला जागा आणि स्वच्छ शौचालय आहे. मुलं राणीच्या बागेसाठी हटून बसली तर एलिफंटाच्या जागी ती घ्या: पेंग्विन आहेत, आणि दोन मोठे-दोन मुलं यांचं कुटुंब-तिकीट १०० रुपये. घारापुरी बेटावरचा दगडी हत्तीही आता तिथेच, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे.

मरीन ड्राइव्हला दुपारी दोनला नेणाऱ्यांचं मला काही कळत नाही. सावलीच नाही. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास बुडतो, मे महिन्यात सातच्या. तासभर आधी पोहोचा. कट्ट्याला पाठ टेकायला काही नाही, म्हणून वडिलांसाठी घडीची खुर्ची किंवा निदान उशी असू द्या.

एलिफंटा सोमवारी बंद, राणीची बाग बुधवारी. पावसाळ्यात लाँचचा भरवसा धरू नका. रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही मार्गांवर गाड्या काही तास बंद. हाजी अली दर्ग्याकडे जाणारा समुद्रातला रस्ता भरतीत पाण्याखाली जातो, आणि अमावास्या-पौर्णिमेला मुंबईची भरती भर दुपारी बाराच्या आसपास येते. पुढे ती रोज पाऊण-एक तासाने सरकते, त्या हिशेबाने ठरवा. सिद्धिविनायक हवाच असेल तर हुतात्मा चौकातून भुयारी मेट्रो थेट सिद्धिविनायक स्टेशनला नेते. मंगळवार मात्र टाळा.

राहता राहिलं जुहू. माझा मेव्हणा म्हणतो, नटांचे बंगले दाखवल्याशिवाय पाहुण्यांची मुंबई होत नाही. हा वाद आमच्याकडे जुना आहे आणि माझं मत बदललेलं नाही. संध्याकाळी तिकडे जायचं म्हणजे ऑफिस सुटलेल्या गर्दीबरोबर तासाहून जास्त वेळ अडकायचं, बंद फाटक बघायचं आणि रात्रीच्या गाडीसाठी घाबरत परत फिरायचं. तेवढ्या वेळात गिरगाव चौपाटीच्या वाळूत आई-वडील निवांत भेळ खातील, आणि तिथून सीएसएमटी टॅक्सीने जवळ आहे.