पार्किंगमध्ये डोळे चिकटलेलं, शिंकणारं मांजराचं पिल्लू सापडलंय. काय करू?

आधी ऊब, मग दूध. गारठलेल्या पिल्लाला पाजलेलं पचत नाही. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा. डोळे कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने हलकेच पुसा आणि आजच डॉक्टरांकडे न्या. उशिराने डोळा जाऊ शकतो, माझ्याकडच्या एका पिल्लाचा गेला. मुंबईत असाल तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहे.

गाईचं दूध नको, पिल्लांची दूध पावडर मिळते. आणि कृपा करून घरातली पॅरासिटामॉल देऊ नका, मांजराला ती विष आहे!

घरात दुसरं मांजर असेल तर खोली वेगळी. दत्तक 8 आठवड्यांनंतर, बरं झाल्यावरच द्या. घेणाऱ्याला आजारपण स्पष्ट सांगा. मी सांगितलं होतं, तरी त्या एकाक्ष पिल्लाला प्रेमाने नेलं.