दूरस्थ शस्त्रक्रिया मार्गदर्शन: व्हिडिओची सुरुवात कुठून करावी

ऑपरेशन थिएटरमधलं चित्र दूरच्या मार्गदर्शक डॉक्टरला थेट दाखवायचंय, तर आधी ४केचा मोह सोडा. १०८०पी, सेकंदाला ३० फ्रेम, एच.२६४ या व्हिडिओ आकसवण्याच्या पद्धतीत ६ ते ८ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट), एवढं सुरुवातीला पुरतं. अपलोडचा वेग मात्र त्याच्या किमान दुप्पट हवा आणि तो थिएटरमधूनच, कामाच्या वेळी मोजा. नवखे डाउनलोडचा आकडा बघून खूश होतात; तुम्हाला तर चित्र पाठवायचंय!

- वायफाय नको. एन्कोडरपर्यंत (चित्र आकसून नेटवर पाठवणारं यंत्र) लॅन केबलच.
- इंटरनेटची दुसरी लाइन वेगळ्या कंपनीची. मुख्य केबल मुद्दाम काढून पाहा, चित्र किती सेकंदांत परत येतं ते.
- बोलण्यासाठी वेगळा साधा फोन चालू ठेवा.

सगळ्यात घातक म्हणजे गोठलेलं चित्र. कॅमेरा स्थिर असला की ते चालूच आहे असं वाटतं, आणि मार्गदर्शक जुन्या दृश्यावर सूचना देत राहतो. म्हणून पाठवण्याच्या टोकालाच, एन्कोडिंगच्या आधी, चित्रावर सेकंदांसह घड्याळ टाका. घड्याळ थांबलं की सूचनाही थांबवायच्या, हे दोन्हीकडच्या डॉक्टरांशी आधीच ठरवा. कोपऱ्यात रुग्णाचं नाव उमटत नाही ना, तेही तपासा. एंडोस्कोपीची यंत्रं ते बऱ्याचदा चित्रावरच छापतात.

एसआरटीचे (नेटवरून थेट व्हिडिओ पाठवण्याची पद्धत) बफर, बॉन्डिंग (अनेक लाइन एकत्र वापरणं) वगैरे एवढं जमल्यावर बघू.